दवण्याची वाकडी ओळ

हिमालयाच्या पायथ्याशी अरुणवती नावाची एक नगरी होती. मणिकेतू राजा तिथे राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माळ्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव कुशलक. तो जाणता झाल्यावर राजाने नगराची औषधी बाग त्याच्या हाती सोपवली.

मुलूख थंडीचा, त्यामुळे नखरेल झाडांचे त्या बागेत काही चालत नसे. हिवाळ्यात जमिनीखाली दडी मारून बसायचे आणि वसंत आला की पुन्हा डोके वर काढायचे, हे ज्यांना जमे तीच झाडे तिथे टिकत. बोधिसत्त्व आपल्या माणसांना सांगे, "नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. पान चुरगळून वास घ्या. मूळ मोडून बघा." वेखंड लांबून गवतासारखे दिसते, पण पान चुरगळले की त्याचे सोंग लगेच उघडे पडते. सगळीच झाडे इतकी प्रामाणिक नसतात.

वाफ्यांची देखभाल भद्रिका नावाची बाई करी. कामाला वाघीण, पण स्वभावाने भारी घाबरट. ढग आला की तिला गारांची काळजी, ऊन पडले की रोपे करपण्याची. बागेतली माणसे तिची थट्टा करीत, पण तिच्या हातचे रोप सहसा मरत नसे. तिची लेक मालिनी नगरातच नांदत होती. बरीच वर्षे नवससायास केल्यावर त्या हिवाळ्यात तिला मुलगा झाला होता आणि भद्रिकेच्या काळज्यांत आणखी एकीची भर पडली होती.

बागेच्या उत्तरेला, देवदारांच्या सावलीत दोन वाफे शेजारी शेजारी होते. एकात अतिविष आणि दुसऱ्यात बचनाग. अतिविषाच्या नावात विष आहे, पण तान्ह्या लेकराच्या पोटाला त्याच्याइतके मायाळू मूळ दुसरे नाही. बचनागाच्या नावावरून काही कळत नाही आणि माणूस मात्र दगावतो. वैद्य ते निगुतीने शुद्ध करून, दुखण्याखुपण्यावर जपून वापरीत. दोघांना माती एकच लागे आणि सावलीही एकच, म्हणून दोघांचा शेजार. वाळल्यावर दोघांची मुळे इतकी सारखी दिसत की लावणाऱ्याचीही फसगत व्हावी. म्हणून बागेचा नियम असा होता की मूळ मोडून जिभेच्या टोकाला जरासे लावायचे आणि लगेच थुंकायचे. नुसते कडू लागले तर अतिविष. जीभ चुणचुणून बधिर झाली तर बचनाग.

या नियमातून फक्त एक रास सुटत असे. वसंतातल्या पौर्णिमेला नगरातल्या बाळंतिणी आपापली लेकरे आणि सहाणा घेऊन राजवाड्यापुढच्या चौकात जमत. सूर्य माथ्यावर आला की नगारा वाजे, आणि सगळ्या जणी एकाच वेळी अतिविष आपल्या दुधात उगाळून लेकराला पहिली घुटी चाटवीत. हे मूळ लेकराआधी कोणाच्या जिभेला लागता कामा नये, लागले तर ते उष्टे, अशी त्या नगराची समजूत होती. म्हणून घुटीची मुळे कोणी चाखत नसे. बोधिसत्त्वाने एकदा राजापाशी हा विषय काढला होता. राजा म्हणाला, "आजवर काही झालं का?" झाले नव्हते, म्हणून बोधिसत्त्व गप्प बसला.

त्या वर्षी थंडीने कहर केला. दोन वाफ्यांच्या मधोमध हद्द दाखवायला तुळशीची ओळ होती, ती हिमाने जळून गेली. भद्रिकेला वाटले, दरवर्षी हा जाच कशाला? तिने तुळशीच्या जागी दवणा लावला. दवणा काटक, थंडीला दाद देत नाही आणि चार हातांवरून वास येतो. विचार चांगलाच होता. पण लावणी केली तेव्हा जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता, तुळशीचे खुंट त्याखाली गाडले गेले होते आणि भद्रिकेने दोरी अंदाजाने ताणली. पुढे दवण्याच्या अलीकडची मुळे अतिविष म्हणून खणली गेली, वाळली आणि पिवळ्या कापडाच्या पुरचुंड्यांत बांधली गेली.

पौर्णिमेच्या सकाळी पुरचुंड्या घरोघरी पोचल्या. भद्रिका रिकामा वाफा साफ करायला गेली. खणताना मागे राहिलेल्या मुळांना कोंब फुटले होते. तिने वाकून पाहिले. अतिविषाचे पान जवळजवळ अखंड, कडेला नुसते दाते. इथे त्या पानांच्या शेजारीच, ओळीच्या अलीकडे, देठापर्यंत चिरलेली पाने उभी होती. ती बचनागाची होती.

 मग तिचे मन पळवाटा शोधू लागले. आपल्याला नीट दिसले नसेल. चुकार एखादे मूळ इकडे आले असेल. नगरात विष नेणाऱ्याला सीमेपार हाकलून देत, आणि सीमेपलीकडे नुसते रान होते. म्हातारपणी कुठे जायचे? मग तिला मालिनीचा मुलगा आठवला आणि वाटले, तेवढी एक पुरचुंडी मुकाट्याने काढून घ्यावी, पुढचे देव बघेल. ती खरोखरच लेकीच्या घराकडे निघाली.

बागेच्या फाटकाशी बोधिसत्त्व भेटला. त्याने नवे धोतर नेसले होते, कारण त्या दिवशी घुटीचा सोहळा झाल्यावर राजा त्याला राजवैद्याचे पद देणार होता. भद्रिकेचा चेहरा पाहून तो थांबला.

"भद्रिके, काय झालं?"

"दादा, अतिविषाच्या वाफ्यात बचनागाची पानं आलीत," ती म्हणाली. दवण्याच्या ओळीचे मात्र तिच्या ओठांवर आले नाही.

बोधिसत्त्वाने अधिक विचारले नाही. तो चौकाकडे धावत सुटला आणि भद्रिका धापा टाकत त्याच्या मागे.

चौक भरला होता. सहाणा मांडल्या होत्या, लेकरे रडत होती आणि नगारेवाल्याने टिपरू उचलले होते. बोधिसत्त्वाने त्याचा हात धरला. मग तो राजापुढे गेला. "महाराज, घुटी थांबवा. मुळांत बचनाग मिसळल्याचा संशय आहे. बाग माझ्या हाती आहे, जाब मला विचारा. पण पुरचुंड्या आधी परत घ्या."

चौकात एकच गलका झाला. लेकराच्या नावाची पुरचुंडी परत देणे म्हणजे त्याचे आयुष्यच परत करणे, असे तिथल्या आयांना वाटे. "देणार नाही! सणाच्या दिवशी असं अभद्र बोलवतं तरी कसं?" एक बाळंतीण ओरडली.

राजाची राणीही तान्ह्याला घेऊन बसली होती. राजा चिडून म्हणाला, "चार पानं दिसली म्हणून नगराची रीत मोडायची? पुरावा दे."

"देतो," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने राणीच्याच पुरचुंडीतले मूळ घेतले, मोडले आणि जिभेला लावले. "उष्टं केलं! उष्टं केलं!" बायका किंचाळल्या. बोधिसत्त्व थुंकला आणि खरे तेच बोलला. "हे अतिविष आहे."

त्याने शेजारणीचे मूळ घेतले. तेही अतिविषच निघाले. आता लोक हसू लागले, काही जण संतापले. राजा म्हणाला, "कुशलका, तुला आज मानाचं पद द्यायचं होतं. ते आता विसर. बाजूला हो. वाजव रे नगारा."

भद्रिका गर्दीच्या कडेला उभी होती. पुढच्याच रांगेत मालिनीने पुरचुंडी सोडून मूळ सहाणेवर टेकवले होते. आईकडे पाहून ती हसली.  भद्रिकेला कळले की बोधिसत्त्व कितीही खरे बोलला तरी त्याच्याकडचे खरे अर्धेच आहे. उरलेले अर्धे आपल्यापाशी आहे. तिचे पाय लटपटत होते, पण ती पुढे गेली आणि लेकीच्या सहाणेवर दोन्ही हात पालथे घालून बसली.

"ओळ मी हलवली!" ती ओरडली. "तुळस जळाली म्हणून दवणा मी लावला. बर्फ होतं, अंदाजानं लावला, ओळ तिरकी गेली. बचनागाचा एक कोपरा इकडं आला. मुळं मिसळलीत, महाराज. दोन चांगली निघाली म्हणून तिसरं चांगलं निघेल असं नाही. मला हवं तिकडं घालवा, पण कुणी उगाळू नका."

नगारेवाल्याने टिपरू खाली ठेवले. बोधिसत्त्वाने मालिनीच्या सहाणेवरचे मूळ भद्रिकेच्या हातांखालून काढून घेतले, मोडले आणि जिभेला लावले. तो लगेच थुंकला, पण त्याचे ओठ पांढरे पडले. त्याने बोलायचा प्रयत्न केला तेव्हा शब्द जड जड येऊ लागले. त्याने नुसती मान हलवली आणि मूळ सगळ्यांना दिसेल असे वर धरले.

मालिनीने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि ती रडू लागली. मग कोणाला सांगावे लागले नाही. राणीने आपली पुरचुंडी सगळ्यांत आधी चौकात ओतली आणि तिच्यामागून सगळ्यांनी ओतल्या. बोधिसत्त्वाची जीभ बधिर झाली होती आणि मूळन्मूळ चाखून निवडायची जोखीम आता कोणालाच नको होती. सगळी रास खोल खड्ड्यात पुरली. त्या वर्षी अरुणवतीतल्या एकाही लेकराला घुटी मिळाली नाही, आणि सगळी लेकरे जगली.

संध्याकाळी राजाने भद्रिकेला बोलावले. "नगरात विष आणणाऱ्याला सीमेपार जावं लागतं," तो म्हणाला. भद्रिकेने आपले दोन कपडे गाठोड्यात बांधूनच आणले होते.

बोधिसत्त्वाच्या जिभेला अजून नीट वळण आले नव्हते. तो सावकाश, एकेक शब्द लावत बोलला. "महाराज, चूक हातून झाली तेव्हा ती कुणालाच माहीत नव्हती. आज ही बोलली म्हणून आपल्याला कळली. हिला हाकललंत तर पुढं ज्याच्या हातून चुकेल तो गप्प बसेल. मग नगारा वाजेल."

राजाने राणीच्या मांडीवरच्या तान्ह्याकडे पाहिले. मग त्याने भद्रिकेला गाठोडे सोडायला सांगितले. राजवैद्याचे पद बोधिसत्त्वाने मागितले नाही. त्याने एवढेच मागितले की पुढच्या वर्षापासून घुटीचे मूळ आधी बागेत चाखले जावे. राजाने ते दिले.

पूर्वजन्मीची ही कथा भिक्षुसंघाचे गुरू, शास्ते, यांनी विहाराच्या औषधकोठीत बसून सांगितली. कोठी सांभाळणाऱ्या एका भिक्षुणीकडून त्या सकाळी दोन मडक्यांची अदलाबदल झाली होती. ती चूक शास्त्यांना सांगताना तिचा आवाज इतका कापत होता की शेजारच्यांना अर्धे ऐकूच गेले नाही. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा मणिकेतू राजा म्हणजे आज या विहाराला धान्य देणारा गृहस्थ. मालिनी म्हणजे बाहेर आजारी भिक्षूंना पेज पाजते आहे ती उपासिका. भद्रिका म्हणजे ही समोर बसलेली भिक्षुणी. तेव्हाही ती अशीच थरथरत होती. आणि कुशलक माळी मीच होतो. भीती गेल्यावर खरे बोलणे कोणालाही जमते. भीती उरात असताना, दुसऱ्याच्या जिवासाठी जे बोलले जाते, त्याला सत्यपारमिता म्हणतात."

भिक्षुणी उठली आणि दोन्ही मडकी उघडून सगळ्यांच्या समोर ठेवून आली.