तीन बोटं

"पण बुवा, तुम्हाला स्वतःला वाजवता येत नाही. मग मला काय सांगणार?"

केरबा बोलून गेला आणि त्याचीच मान खाली गेली.

निवृत्तीबुवा रागावले नाहीत. देवळाच्या ओवरीत तसेच बसून राहिले. पाच वर्षांपूर्वी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा डावा जबडा काढला होता. तेव्हापासून सनई बंद. कान मात्र शाबूत होते. पंचक्रोशीत कुणाही सनईवाल्याचं अडलं, की तो त्यांच्याकडेच येई.

केरबाचंही अडलं होतं. तीन जिल्ह्यांत नाव झालेला माणूस... आणि दोन महिने सूर टिकत नव्हता. त्याने सनईची पत्ती बदलून पाहिली. मग सनईच बदलली.

"वाजव."

उच्चार बोबडा, पण हुकूम तो हुकूमच. केरबाने गालातला तंबाखू-सुपारीचा मावा थुंकला, चूळ भरली आणि भूप धरला. सूर पंचमावर पोचला आणि फाटला.

बुवांनी हात वर केला. "जेवताना तिखट झोंबतं?"

"झोंबतं... दिवाळीपासून. पण त्याचं इथं काय?"

"आ कर. आपली तीन बोटं उभी घाल तोंडात."

केरबाला हसू आलं. दोन बोटं गेली. तिसरं दातांशी अडलं. त्याने जोर केला, तशी गालाच्या आत दोरी ताणल्यासारखी कळ आली.

हसू मावळलं.

बुवांनी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

"मावा इथं धरतोस."

"कसं ओळखलंत?"

बुवांनी स्वतःच्या गालफडाच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "माझी तंबाखू इथंच असायची."

केरबाने त्या चट्ट्यावरून जीभ फिरवली.

"सनईचा दोष नाही. गाल ताठलाय, हवा धरत नाही. सकाळच्या एसटीनं तालुक्याला जायचं, दातांच्या डॉक्टरकडं. मी येतो बरोबर."

"बरं होईल ना, बुवा?"

"ते डॉक्टर सांगेल. मी सूर सांगतो."

बुवांनी त्याची सनई घेतली. खचलेल्या गालावर तळवा घट्ट दाबला आणि फुंकर घातली. ओठाच्या कोपऱ्यातून वारा निसटला, लाळ हनुवटीवर ओघळली... आणि मग पंचम लागला. क्षणभरच. पण असा, की केरबाच्या अंगावर काटा आला.

एवढी वर्षं हा माणूस एवढा सूर पोटात धरून दुसऱ्यांना शिकवत होता!

केरबाने खिशातून माव्याची पुडी काढली, बुवांच्या पायाशी ठेवली आणि डोकं टेकवलं.

"आजपासून बंद. तुमच्यासारखं मन मारता आलं पाहिजे, बुवा."

बुवांनी पाय मागे घेतले.

"ती इथं नको ठेवू, केरबा... मला अजून रोज आठवण येते."