गुरुवारचा डबा

एकदा एक गुरुजी आपल्या जुन्या शिष्याच्या घरी गेले आणि त्याचं गुरुवारचं जेवण रविवारीच बसून खाऊन आले. सगळं, अगदी डबा निपटून. हसू नका. मलाही पहिल्यांदा ऐकताना हसू आलं होतं, आणि पुढचं ऐकल्यावर माझं मलाच ओशाळायला झालं.

शिष्याचं नाव वैजनाथ. वय चाळिशीच्या अलीकडचं, जिल्ह्याच्या गावी जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी त्याचा संसार मोडला. का मोडला हा आपला विषय नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते नीट उमगलेलं नव्हतं. सुरुवातीचे तीन महिने तो त्याच गावात राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, जेवायला जात असे. मग एका बारशाला कुणी आत्याबाई चारचौघांत म्हणाल्या, "मजा आहे बुवा एका माणसाची! बहिणीच्या दारात आयतं ताट!" त्या चेष्टेने म्हणाल्या असतील. पण वैजनाथ पडला मानी. त्या दिवसापासून त्याने आक्काकडे जेवणं बंद केलं, आणि कारण तिला सांगितलं नाही. दोन दिवस केळी नि बिस्किटांवर काढले आणि तिसऱ्या दिवशी शाळेतल्या गुरुजींचं दार वाजवलं. गुरुजी जन्मभर एकटे राहिलेले, आणि त्यांच्या टापटिपीच्या स्वयंपाकघराची कीर्ती गावभर.

"गुरुजी, एकट्या माणसाने जेवायचं कसं ते शिकवा," तो म्हणाला.

गुरुजींनी विद्या दिली. रविवारची सकाळ राखून ठेवायची आणि त्या एका सकाळी आठवड्याची रात्रीची जेवणं शिजवायची. पालेभाजी सोमवारी संपवायची, कारण ती थांबत नाही. खोबऱ्याचं वाटण घातलेलं काही असेल तर मंगळवारच्या पुढे न्यायचं नाही. बुधवारी मोडाची उसळ, शुक्रवारी आमटी. शनिवारसाठी फोडणीत परतलेलं बेसन कोरडंच ठेवायचं, ऐनवेळी आधणात सोडलं की पिठलं तयार. "भाकरी मात्र रोज ताजी थापायची. तिथे आळस केलास तर मला तोंड दाखवू नकोस," असा दमही भरला. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर वार. असे पाच डबे झाले.

"आणि गुरुवार?" वैजनाथने विचारलं.

"गुरुवार रिकामा," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

वैजनाथला वाटलं, दत्ताचा उपास असणार. आपल्याकडे गुरुवार रिकामा म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय? तो स्वतः उपासतापासवाल्यांतला नव्हता. महिनाभरात हात बसला तसा त्याने सहावा डबा विकत आणला, त्यात वांग्याची सुकी भाजी भरली आणि वर ठसठशीत अक्षरांत 'गुरुवार' लिहिलं. आठवडा पुरा झाला. आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, कुणाचे उपकार नकोत. फ्रीजचं दार उघडून तो नुसता बघत उभा राही, इतका त्याला त्या सहा डब्यांचा अभिमान वाटे.

पौषातल्या एका रविवारी गुरुजी सहज म्हणून त्याच्याकडे आले. वैजनाथने मोठ्या हौसेने फ्रीज उघडून दाखवला. गुरुजींची नजर सहाव्या डब्यावर थांबली. तेवढ्यात फोन वाजला. आक्का होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"वैजू, गुरुवारी येतोस का जेवायला? बाजाराचा दिवस आहे. आंबाडी आणते, वर लसणाची फोडणी देते."

"अगं, गुरुवारचं झालंय करून. वाया जाईल."

"बरं. मग पुढच्या गुरुवारी?"

"पुढच्याचंही असतंच ना, आक्का."

"बरं बरं. जेवत जा रे वेळेवर," म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुजी उठले. त्यांनी फ्रीजमधून गुरुवारचा डबा काढला, खाली मांडी घातली आणि ते गारढोण वांगं, सोबत भाकरीसुद्धा न घेता, खायला लागले. "अहो गुरुजी, गरम तरी करू द्या!" वैजनाथ म्हणत राहिला. गुरुजींनी मान वर केली नाही. शेवटची फोड संपवून त्यांनी डबा घासला, पुसला आणि ओट्यावर पालथा घातला.

आता मात्र वैजनाथ चिडला. "भूक लागली होती तर सांगायचं होतं. ताजी भाकरी थापली असती. ही काय रीत झाली?"

"भूक नव्हती," गुरुजी म्हणाले. "आणि वांगं मला सोसतही नाही. रात्री त्रास होईल. बस इथे."

वैजनाथ बसला.

"माझी नोकरी संपली तेव्हा माझेही सहा डबे होते," गुरुजींनी सांगायला सुरुवात केली. "निवृत्ती नावाचा माझा बाळपणापासूनचा मित्र दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. दर बाजाराच्या दिवशी दारात येऊन हाक मारायचा, 'चल रे, येसराची आमटी केलीय.' मी म्हणायचो, माझं आजचं तयार आहे, वाया जाईल. अन्न वाया घालवू नये, हे आपण पोरवयापासून ऐकत आलो. त्यावर कोण काय बोलणार? तोही बोलायचा नाही. मान हलवायचा आणि परत जायचा. मला वाटायचं, एकटा म्हणून माझी कीव करतोय. आणि कुणी माझी कीव केलेली मला खपत नव्हती."

गुरुजींनी एकदा ओट्यावरच्या पालथ्या डब्याकडे पाहिलं.

"त्याची बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, वैजनाथ. मला ठाऊक होतं. तेराव्याला मी जेवून आलो होतो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, की हा मला जेवू घालायला बोलावत नाही, ह्याला स्वतःला घास गिळायला समोर माणूस हवंय. ती आमटी तो स्वतः करायचा. कशी करत असेल देव जाणे, त्याला साधा चहा येत नव्हता. दिवाळीत मुलगा आला आणि त्याला सुरतेला घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, 'काका, बाबा इथे जेवतच नाहीत हो.' तिकडे दीड वर्ष काढलं त्याने. मी पत्र लिहितो, लिहितो म्हणत राहिलो. एक दिवस तो गेल्याचंच पत्र आलं."

वैजनाथचा राग कुठच्या कुठे गेला होता. त्याने हळू आवाजात विचारलं, "म्हणून गुरुवार रिकामा?"

"म्हणून. घरात काही नसलं की पाय मुकाट्याने कुणाच्या तरी दाराकडे वळतात. जातो आणि विचारतो, काय केलंय आज? लोक मला हावरट म्हातारा म्हणतात. म्हणू देत. पण ज्या दारात मी जायला हवं होतं, तिथे आता दुसरेच लोक राहतात."

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत, गुरुजी?"

"लाज वाटली रे. शिष्यापुढे आपला मूर्खपणा कसा उघडा करायचा? अर्धीच विद्या दिली तुला, आणि तिचं काय झालं ते आत्ता फोनवर ऐकलं. चूक माझी आहे." मग चपला घालता घालता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आक्काच्या घरी हल्ली जेवायला कोण कोण असतं?"

भाची वैशाखात लग्न होऊन सासरी गेली होती. भाऊजी साखर कारखान्यावर, हंगामात पंधरा पंधरा दिवस घरी येत नसत. हे सगळं वैजनाथला माहीत होतं. लग्नात तर तोच वाढपी होता.

गुरुवारी कचेरी सुटल्यावर तो फोन न करता आक्काकडे गेला. तिने दार उघडलं आणि ती चकित झाली. "अरे! तू येत नाही म्हणाला होतास ना?"

स्वयंपाकघरात ओटा कोरडा होता. शेगडीवर काही नव्हतं. टीव्हीसमोर स्टुलावर चहाचा कप आणि ताटलीत सकाळची अर्धी भाकरी होती.

"हे जेवण तुझं?" वैजनाथने विचारलं.

"रोज नाही रे असं. बाजाराच्या दिवशीच," ती ओशाळून म्हणाली. "तू नाही म्हणतोस, तरी वाटतं येशील. म्हणून दुसरं काही करत नाही, तू आलास की गरमगरम करू म्हणते. मग रात्र होते. एकटीसाठी कोण चूल पेटवतंय?"

हंगाम सुरू झाल्यापासून असे किती गुरुवार झाले, ते मोजायचं वैजनाथला धैर्य झालं नाही. त्या बारशातलं आत्याबाईंचं बोलणं, आपला मान, सहा डबे, सगळं तिला सांगावं असं त्याला वाटलं. सांगायला गेला तर तोंडातून एवढंच निघालं, "आक्का, चुकलो मी."

"चुकलास ते चुकलास. बस आता. भात टाकते. भूक आहे ना?"

"आहे," तो म्हणाला.

आक्काने दोघांचे तांदूळ काढले. ते धुताना तिची पाठ त्याच्याकडे होती.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "माझ्या हातचं तुला आवडेनासं झालं."