जर्सीने मार नाकारला

सायकली नुकत्याच घाट चढायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. चंद्रिकेची पिवळी जर्सी तिच्या अंगावर, सायकलवरून घाट चढून घरी आली, ती घामाने पार आंबून. धुण्याच्या दगडाभोवतीचे कपडे नाकं मुरडू लागले.

लाकडी धोपटणं गरजलं, "पड इथे पालथी! माझे तडाखे खाल्ल्याशिवाय तुझा वास जायचा नाही."

शेजारी चंद्रिकेचे सायकल चालवताना घालायचे मोजे पडले होते. काल त्यांनी मुकाट्याने मार खाल्ला होता. त्यांची वीण उसवली होती आणि वास तसाच होता.

"वास येतो, हे मला मान्य आहे," जर्सी म्हणाली. "पण तो घालवायला मी फाटणार नाही."

धोपटणं खाली येणार, तोच ती सुळकन घसरून गार साबणपाण्याच्या बादलीत पडली. आतली बाजू बाहेर काढून तासभर भिजत राहिली. मग सावलीत वाळली, तेव्हा वासाचा मागमूस उरला नव्हता.

"माराशिवाय? हे चालायचं नाही!" धोपटणं चिडलं आणि त्याने उशीच्या जुन्या अभ्र्याला पुढे बोलावलं.

अभ्रा आयुष्यभर गप्प राहिला होता. आज तो म्हणाला, "मीही बादलीतच जाणार."