पारिसा खूण करून थांबतो

सल्ला देणारे सगळे मोकळे सुटतात. ही गोष्ट वाचायला बसलेल्यांपैकी कुणीतरी कधीतरी कुणाला नक्की सांगितलं असेल, की मोबाइलवर खेळ, पण शिस्तीत खेळ. वेळ ठरवून खेळ. सांगितलंत आणि आपल्या वाटेनं निघून गेलात. समोरच्यानं ते खरंच ऐकलं तर काय होईल, याचा विचार केलात? नाही केलात. कुणी ऐकत नाही, याच भरवशावर तर तुमचं चाललेलं असतं. पण एखादा ऐकणारा निघतो. मग त्याच्या नावानं हसायला तुम्हीच पुढे.

एका गावात एक भोळा जळव्या होता. जळव्या म्हणजे गुऱ्हाळातल्या चुलवाणाला जाळ घालणारा. त्याचं नाव पारिसा. त्याच्यात एक गुण होता आणि एक खोड होती. गुण असा, की सांगितलेलं तो करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच, जसं सांगितलं तसंच. खोड अशी, की तो मोबाइलवर किल्ला बांधायचा.

खेळच होता तसा. लाकूड तोडायचं, दगड वाहायचा, तट चढवायचा. तट चढला की शत्रू यायचा. शत्रू हटला की आणखी उंच तट बांधायला मिळायचा. अशा खेळाला शेवट नसतो. शेवट असता तर लोक जेवायला उठले असते.

गुऱ्हाळाला मात्र शेवट असतो, आणि तो फार नेमका असतो. मोठ्या पसरट काहिलीत उसाचा रस उकळत असतो. जाळ कमी पडला की रस रुसतो, जास्त झाला की करपतो. पाक बरोबर जमला की गूळ करणारा गुळव्या हात वर करतो आणि काहील उतरवतात. आधी उतरवली तर हाती लागते पातळ काकवी. उशीर झाला तर कोळसा. पारिसा एका हातानं चुलवाणात चिपाडं ढकलायचा आणि दुसऱ्या हातानं शत्रू. शत्रू जोरात आला की दोन्ही हात लागायचे. मग काहील थंड.

गुळव्या होते बाळगोंडा आप्पा. गुऱ्हाळही त्यांचंच. त्यांची मुलगी त्रिशला कॉलेजात शिकत होती आणि दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची. डबा आप्पांचा असायचा, पण चटणी दोन जणांना पुरेल एवढी असायची. पारिसा आणि त्रिशलाचं काय चाललंय ते गावाला ठाऊक होतं. शेवटी आप्पांनाही कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त अट घातली.

"हंगाम संपायच्या आत एक आधण उतरवून दाखव," ते पारिसाला म्हणाले. "करपायचं न्हाई, सांडायचं न्हाई. दाखवलंस तर पोरगी तुझी. न्हाईतर कुरुंदवाडचा दुकानदार हाय."

एक आधण म्हणजे एक काहील रस. एवढंच.

हे बोलणं चाललं असताना कलव्वा आजी दारात उभी होती. ती रोज यायची, तांब्या घेऊन, आणि रोज थोडी काकवी मागायची. आप्पा रोज सांगायचे, की आजी, हितं गूळ होतो, काकवी न्हाई. आजी रोज म्हणायची, बरं, उद्या बघू.

त्रिशलानं पारिसाला बाजूला घेतलं. खेळ सोड असं ती म्हणाली नाही. ती शिकलेली होती. ती म्हणाली, की खेळायचं तर नियोजन करून खेळायचं. रोज दुपारची सुट्टी खेळायला. सुट्टी संपायच्या वेळेचा गजर लाव.

"आणि गजर वाजला की?" पारिसानं विचारलं.

"हातात जे असेल ते सोडायचं आणि उठायचं. मागं बघायचं नाही."

पारिसानं गजर लावला. पहिल्या दिवशी गजर वाजला तेव्हा हातात मोबाइल होता. त्यानं तो सोडला. काचेला तडा गेला, पण पारिसा मागे न बघता उठला आणि जाळाला लागला. त्रिशला खूश झाली.

दुसऱ्या दिवशी छपराचा पत्रा निसटला. आप्पा शिडीवरून वर चढले आणि पारिसाला म्हणाले, शिडी घट्ट धर. पारिसानं घट्ट धरली. इतक्यात खिशात गजर वाजला. हातात शिडी होती. त्यानं ती सोडली आणि मागे न बघता निघाला. शिडी एकीकडे गेली. आप्पा दुसरीकडे गेले. दुसरीकडे चिपाडाचा ढीग होता, म्हणून ही हसण्याची गोष्ट राहिली.

आप्पा ढिगातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशीत चिपाड होतं. त्या दिवशी काहील उतरवायला कुणालाच सवड झाली नाही. रस करपला. कलव्वा आजीनं तांब्या पालथा धरून पाहिला आणि ती घरी गेली.

त्रिशलानं कपाळाला हात लावला.

"अरे, हातातलं असं मधेच सोडतात का?"

"तूच म्हणालीस."

"मोबाइलचं म्हणाले मी. बरं, गजर राहू दे. असं कर. एक डाव हातात घ्यायचा आणि तो पुरा करूनच उठायचं. एक डाव, मग बंद. पुरा झाल्याशिवाय मात्र हलायचं नाही."

पारिसाला हे पटलं. त्याला सगळंच पटायचं.

रस निवळायला त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. दुसऱ्या दिवशी काहील तापली तेव्हा आप्पांनी त्याला घरामागच्या परड्यात पाठवलं, म्हणाले, चार भेंडीची झाडं उपटून आण, पळत जा. पारिसा पळत गेला. चार झाडं उपटली. मग त्याच्या लक्षात आलं, की वाफ्यात अजून पुष्कळ झाडं आहेत. म्हणजे डाव पुरा झालेला नाही. त्यानं भेंडीचा वाफा पुरा केला. शेजारी वांगी होती. वांगी झाली. मग गवार. मिरच्या उपटताना आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्याला खिडकीतून पाहिलं. त्या धावत आल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला. पारिसा नम्रपणे म्हणाला, की काकू, कडीपत्ता तेवढा राहिलाय, मग मी उठतोच.

तो गुऱ्हाळावर पोचला तो डोक्यावर सगळं परडं घेऊन. तोवर काहिलीतला रस काळा पडला होता. त्याचा जो गूळ झाला तो म्हशींना घातला. म्हशींनी वास घेतला आणि त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.

आप्पा संध्याकाळभर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना भाजी नव्हती, तेव्हा बोलले. पोरगी कुरुंदवाडला द्यायची, उद्याच पाहुण्यांना बोलावतो, असं म्हणाले.

त्रिशला सकाळीच चुलवाणापाशी आली. तिचे डोळे सुजलेले होते. तरी तिनं शिकवणं सोडलं नाही. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. एक सल्ला फसला की त्यांना त्याहून चांगला सुचतो.

"पारिसा, एका बैठकीत सगळं संपवायचं नसतं रे," ती म्हणाली. "मोठं काम असेल तर त्याचे तुकडे करायचे. थोडं झालं की तिथं खूण करायची, थांबायचं, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेपासून पुढं. तुझा तो किल्ला कुठं पळून जाणार आहे?"

"किल्ला पळत न्हाई," पारिसा म्हणाला.

"मग झालं तर."

दुपारी आप्पांनी पारिसालाच ट्रॅक्टर देऊन एसटीच्या फाट्यावर पाठवलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. दुकानदार मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा फाट्यावर उतरले होते. इस्त्रीचे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. पारिसानं त्यांना ट्रॉलीत बसवलं. ट्रॉलीत सतरंजी होती, आप्पांनी मुद्दाम घातलेली. ट्रॅक्टर निघाला. रस्ता लांबचा होता, म्हणजे काम मोठं होतं. बरोबर निम्म्यावर, माळावर, पारिसानं ट्रॅक्टर उभा केला. खाली उतरून त्यानं मागच्या चाकाशी एक दगड ठेवला. खूण. किल्ली खिशात घातली.

मामांनी विचारलं, काय झालं, डिझेल संपलं का.

"न्हाई," पारिसा म्हणाला. "आजच्यापुरतं एवढंच. उद्या हितनंच पुढं जाऊया."

आणि तो चालत घरी गेला.

पाहुण्यांना वाटलं, गडी थट्टा करतोय. मग वाटलं, डिझेल आणायला गेला असेल. मग ऊन इतकं वाढलं, की त्यांना काही वाटेनासं झालं. दुधाच्या टेम्पोला हात करून ते परत गेले. पेढे वाटेतच खाऊन टाकले. कुरुंदवाडहून निरोप आला, की ज्या घरी पाहुण्यांना माळावर ठेवतात तिथली मुलगी आम्हाला नको.

पारिसाची ही चूक फार मोठी होती, आणि त्रिशलानं त्या दिवशी त्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही. चटणीत तेल मात्र जास्त होतं.

आता हंगामातलं शेवटचंच आधण उरलं होतं. ऊस संपला होता. आप्पांकडे ना दुसरा जळव्या होता, ना दुसरा जावई. त्यांनी पारिसाला समोर उभं केलं आणि अट पुन्हा ऐकवली. करपायचं न्हाई, सांडायचं न्हाई. ह्या वेळी चुकलास तर गुऱ्हाळाच्या वाटेला फिरकू नको, आणि माझ्या घराच्याही.

त्रिशलानं ठरवलं होतं, की या वेळी काही शिकवायचं नाही. तेवढा शहाणपणा तिला आला होता. पण आदल्या संध्याकाळी पारिसा उकिडवा बसून किल्ला बांधताना दिसला, वरच्या तटावर तोफ चढत होती, हाक मारली तरी ऐकू येत नव्हती. तिला राहवलं नाही.

"एक शेवटचं सांगते. थांबायचं कधी, ते खेळ ठरवत नाही, आपण ठरवायचं. खेळ ऐन भरात आला, छातीत धडधडायला लागलं, आता थोडंच राहिलंय असं वाटलं ना, की बरोबर तेव्हाच थांबायचं. तिथं जो थांबला त्यानं खेळाला जिंकलं."

पारिसानं लगेच फोन बंद केला. तोफ अर्ध्यावर लटकत राहिली. त्रिशलाला पहिल्यांदाच वाटलं, की जमलं.

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच जमत होतं. पारिसानं असा जाळ घातला, की आप्पांच्या सगळ्या हंगामात तसा जाळ झाला नव्हता. मोबाइल खिशात, खिशाला पिन. भेंडी वेळेवर आली, आली तेवढीच आली. मळी निघाली. रस सोन्यासारखा दिसायला लागला. वास गावभर गेला, माणसं गोळा झाली. आप्पा काहिलीशी उभे होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. कलव्वा आजीही आली, तांब्या घेऊन.

"शाबास," आप्पा म्हणाले. "आता थोडंच राहिलंय."

पारिसाच्या छातीत धडधडत होतं. सगळं ऐन भरात होतं. त्यानं त्रिशलाकडे बघितलं, हसला, आणि भेंडी भिजवायला मांडलेल्या पाण्याच्या घागरी एकामागून एक चुलवाणात ओतल्या.

धूर निवळल्यावर सगळ्यांना दिसलं. चुलवाण विझलेलं. ओली राख. काहिलीत रस पातळ, पिवळाधमक, आता गूळ होण्याची आशा नाही. पारिसा हात बांधून उभा होता, जिंकल्यासारखा.

आप्पांनी उसाचं कांडं उचललं. तेवढ्यात कलव्वा आजी पुढे झाली. तिनं तांब्या काहिलीत बुडवला, बोट घालून चाखलं आणि डोळे मिटले.

"आप्पा, काकवी," ती म्हणाली.

मग काय. कुणी वाटी आणली, कुणी कळशी. घराघरातून भाकऱ्या आल्या. काकूंनी एक घास आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो रागानं खाल्ला. दुसरा जरा कमी रागानं खाल्ला. लहानपणानंतर त्यांनी काकवी खाल्ली नव्हती. काकवी म्हणजे फसलेला गूळ, आणि आप्पांचा गूळ फसत नसे.

गावानं बोटं चाटत चाटत त्यांना त्यांचीच अट ऐकवली. करपलंय का? नाही. सांडलंय का? नाही. उतरवलं का? जाळच गेला म्हणजे उतरलंच की. आप्पा शब्दाचे पक्के होते आणि त्यांचं तोंड गोड झालं होतं. त्यांनी काकूंना पाट मांडायला सांगितला, सुपारी मागवली. सुपारी फुटली की लग्न पक्कं. पाटावर सुपारी ठेवली, शेजारी दगड ठेवला. त्रिशला पदर सावरून दारात उभी राहिली.

"या जावईबापू," आप्पा म्हणाले. "फोडा."

पारिसानं पाटाशी बसून दगड उचलला. त्रिशला हसली. त्याच्या छातीत असं धडधडलं, की तसं किल्ल्यावर शत्रू आला तेव्हाही कधी धडधडलं नव्हतं. आता तर अगदी थोडंच राहिलं होतं.

त्यानं दगड अलगद खाली ठेवला. चुलवाणातला एक कोळसा आणून जिथं बसला होता तिथं पाटाभोवती रेघ ओढली. सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी गेला.

आप्पा सुपारीकडे बघत राहिले, त्रिशला रस्त्याकडे. कलव्वा आजीनं भरलेला तांब्या कमरेवर घेतला आणि जाता जाता त्रिशलापाशी थांबली.

"येतोय की उद्या, खूण केलीया न्हवं त्यानं," ती म्हणाली. "तवर त्याला नवीन काय शिकवू नको, म्हंजे झालं."