आराम पडेपर्यंत

“मग मागावर बसू की नको? एवढं एकच सांगा!”

तुळशीराम भांडगे मठाच्या ओसरीवर ओरडला. हा येवल्याचा पैठणी विणणारा. कमरेला पट्टा बांधलेला.

त्याचे डॉक्टर, हेमंत पटणी, शेजारीच उभे होते. मठातल्या दामोबांचे ते जुने शिष्य.

“बाबा, आता तुम्हीच याला समजवा. माझं डोकं खाल्लंय याने.”

दामोबा शेंगा सोलत होते. “तू काय सांगतोस त्याला?”

“आराम करा.”

“आणि तू रे, तुळशीराम?”

“मी सांगतो, आराम पडत नाही.”

“मग?”

“मग हे म्हणतात, आणखी आराम करा!” तुळशीरामाचा आवाज चढला. “तिकडे अर्धा पदर मागावर उभा आहे. सोमवारी मालक दुसरा माणूस बसवणार. बाबा, विणणारा हात बदलला की पदरात दिसतो. आणि एकदा माग गेला की मला परत कोण देणार?”

दामोबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. “मणक्यात काही वाईट आहे?”

“नाही. सगळं तपासलं. हालचाल केली तर उलट बरंच.”

“मग तसं सांगत का नाहीस?”

डॉक्टर शर्टाची बाही नीट करू लागले.

“आडवा हो,” दामोबांनी डॉक्टरांना फरशी दाखवली.

“मी?”

“तूच. आराम कर.”

गुरूची आज्ञा. डॉक्टर कडक इस्त्रीच्या कपड्यांसकट आडवे झाले. दामोबा पुन्हा शेंगा सोलू लागले.

...

“उठू का, बाबा?”

“आराम पडला?”

“कसला आराम? पाठ आंबली.”

“दुखतंय म्हणजे. मग आराम कर.”

तुळशीराम फिसकन हसला. “डॉक्टर, माझा पट्टा देऊ?”

...

“बाबा, दवाखान्यात लोक खोळंबलेत!”

“दुखायचं थांबलं?”

“असं पडून राहिल्यावर कसं थांबेल?”

डॉक्टर चिडून उठून बसले... आणि तसेच बसून राहिले.

दामोबांनी टरफलं झटकली.

“तुळशीराम,” डॉक्टर हळू म्हणाले, “उद्यापासून मागावर बसा. आधी थोडा वेळ. मध्येमध्ये उठायचं, चालायचं. मग रोज थोडं वाढवायचं. पाय लुळा पडला, लघवी अडली, तर तडक माझ्याकडे या.”

“आणि नुसतं दुखलं तर?”

“दुखेल थोडं. तरी बसा.”

“हेच आधी सांगायला काय झालं होतं?” तुळशीराम खांब धरून उठला आणि पायऱ्या उतरून गेला.

डॉक्टर त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

“बाबा, उद्या याचं काही बिघडलं, तर सगळं माझ्यावर येईल.”

“येऊ दे. तुझी कंबर धड आहे ना?”