ज्याची तक्रार, त्याची खिडकी

शके एकोणीसशे सदतीस, माघ वद्य पंचमी. थंडी सरत आलेली. त्या सकाळी धोंडगडच्या राजाने सरकारी धान्यकोठाराला कुलूप ठोकले.

कारण काय? एक बटण!

कोठारात धान्य संगणक देई. माणसाने खिडकीशी यायचे, पडद्यावर आपला क्रमांक टाकायचा, ‘द्या’ हे बटण दाबायचे. की वरून ज्वारी पिशवीत. हा प्रोग्राम कोणा एकाचा नव्हता. राज्यातल्या त्र्याऐंशी कारागिरांनी तो मिळून लिहिला होता, तोही फुकट. कोणीही उघडून पाहावा, कोणीही सुधारावा, न पटल्यास प्रत नेऊन आपल्या मनासारखा करावा, असा त्याचा नियम.

नियम चांगला. माणसे भांडखोर.

त्यांतले सदुपंत म्हणाले, बटण डावीकडे हवे. नरसू म्हणाला, उजवीकडे! सदुपंतांनी सकाळी डावीकडे नेले, नरसूने दुपारी उजवीकडे आणले. मग उरलेले एक्याऐंशी सरसावले. कोणाला गोल हवे, कोणाला चौकोनी, कोणाला मुळीच नको. शेवटी बटण पडद्यावर इतके पळू लागले, की म्हातारी ठकूबाई माशी मारावी तशी काचेवर चापट्या मारत राहिली. बटण काही सापडले नाही.

राजा तुळाजी हट्टी. म्हणाला, “यांचे एकमत होईपर्यंत कोणाला दाणा मिळणार नाही!”

नऊ दिवस गेले. एकमत झाले नाही. गावाचे डबे रिकामे झाले.

दहाव्या दिवशी हौसा मापाडीण दरबारात उभी राहिली. कोठारात येणारी ज्वारी मापून घेणाऱ्या घरातली ती.

“महाराज, भांडण बटणाचे. उपास आमचा का?”

“फार बोलतेस!” राजा गरजला. “मग तूच निकाल लाव. तीन दिवसांत असा पडदा दाखव, की ज्याला राज्यातला एकही माणूस नाव ठेवणार नाही. जमले नाही तर कोठार बंद, आणि तुझ्या घरचे मापाडीपणही बंद!”

दरबार हसला. सदुपंत आणि नरसूदेखील हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचे कशावर तरी एकमत झाले.

हौसा म्हणाली, “दाखवते. पण कोठाराच्या सगळ्या खिडक्या उघडा. आणि एक हुकूम द्या. ज्याची तक्रार, त्याची खिडकी! ज्याला जसा पडदा हवा, तसा त्याने आपल्या खिडकीत लावावा, आणि रोज रांग संपेपर्यंत स्वतः तिथे बसावे. कोणत्या माणसाने कोणत्या खिडकीवर जायचे ते मी ठरवीन.”

कारागीर खूष! राजाने हुकूम दिला. त्र्याऐंशी खिडक्या, त्र्याऐंशी पडदे.

सदुपंतांनी पडदा अगदी स्वच्छ ठेवला. अक्षर नाही, रेघ नाही. एका कोपऱ्यात तेवढी एक चिमणी.

ठकूबाई आली. “दाबू काय?”

“आजी, ती चिमणी दाबायची. चिमणी म्हणजे दाणा. कळायला नको?”

“मेल्या, मला चिमणी कशाला? ज्वारी दे!”

नरसूच्या पडद्यावर एकशेबारा बटणे. माणसाला निवड हवी, असे त्याचे म्हणणे.

“पाटील, ज्वारी कोणत्या वेगाने पडावी ते आधी निवडा.”

“वेग? ती खाली पडली म्हणजे झालं!”

तिसऱ्या खिडकीचा पडदा सात वेळा विचारी, “नक्की हवे ना?” तिथला गडी भडकला. “अरे, मुलगी देताना सासऱ्यानं एकदाच विचारलं होतं!”

पहिल्या दिवशी रांग संपेपर्यंत कारागिरांचे घसे बसले. कोणाला शिव्या मिळाल्या, कोणाला सल्ले. एकाच्या डोक्यात पिशवी बसली. रिकामीच होती, म्हणून बचावला.

दुसऱ्या सकाळी सदुपंतांनी कोणाला न सांगता चिमणीखाली ‘द्या’ लिहिले. दुपारी चिमणी उडवली. कोपऱ्यातले बटण म्हाताऱ्यांना दिसेना, म्हणून मधे आणले. नरसूने एकशेबारातली शंभर काढली. रांग हलेना. आणखी अकरा काढली. तिसऱ्याने सात प्रश्नांचे तीन केले, तिनांचा एक, आणि एकही कोणी वाचत नाही हे पाहून तोही पुसला. हौसा खिडक्यांसमोरून नुसती फिरत होती. 

तिसऱ्या दिवशी दुपारी राजा आला. पहिली खिडकी पाहिली. मधोमध एक मोठे हिरवे बटण, त्यावर ‘द्या’. दुसरी पाहिली. तेच! दहावी तीच, पन्नासावी तीच, त्र्याऐंशीवीही तीच!

“कोणाची नक्कल केलीत रे?”

“कोणाचीच नाही, महाराज,” सदुपंत घोगऱ्या आवाजात म्हणाले. “ज्याने त्याने आपापले केले.”

“मग कोणाची काही तक्रार?”

रांग पुढे सरकत होती. तिच्या पिशव्या भरत होत्या. कारागिरांपैकी एकाने तोंड उघडले, समोरची रांग पाहिली, आणि जांभई दिल्यासारखे करून मिटले.

“कमाल आहे!” राजा म्हणाला. “बटण ठीक आहे. पण मला विचाराल तर तो हिरवा रंग जरा...”

हौसाने शेजारच्या रिकाम्या खिडकीत एक स्टूल सरकवले. पदराने पुसले.

“बसा, महाराज. ही चौऱ्याऐंशीवी. अगं ठकूबाई, इकडे ये!”

राजाने ठकूबाईकडे पाहिले. ठकूबाई बाह्या सरसावून निघाली होती.

“हिरवा छान आहे!” राजा ओरडला. “फार छान आहे!”

आणि तो हसत सुटला. हसता हसता स्टुलावर बसला, कुठे बसलो ते ध्यानात येताच ताडकन उठला, आणि पुन्हा हसला. आता कारागीरही हसले, रांगही हसली.

“जिंकलीस, हौसा! माग, काय हवे?”

“नऊ दिवसांचे अडवलेले धान्य.”

“ते सगळ्यांचे झाले. तुझे काय?”

“माझी पिशवी त्यातच आहे, महाराज.”

राजाने कमरेच्या किल्ल्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. “आजपासून कोठार तुझे. तूच वाट!”

दिवस मावळायच्या आत नऊ दिवसांचे थकलेले धान्य घरोघर पोचते झाले.