ऐंशी हातांचा दोर

फार फार पूर्वी, राजे जातीने विहिरी खणवत त्या काळी, एका उजाड माळावर एक गाव होतं. गावात चार आळ्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी बोलणं फक्त भांडणापुरतं होतं. राजा मात्र भला माणूस. "माझ्या राज्यात कुणी तहानलेलं राहता कामा नये," असं म्हणून त्याने गावाच्या मधोमध विहीर खणवली. पाणी लागलं, पण पाऊणशे हातांवर.

ऐंशी हात दोर वळायचं काम भिवराकडे आलं. अंबाडीचे दोर वळून पोट भरणारी ही बाई. तिची लेक राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि आई कामात म्हणून पोटुशी पोर दोन कोसांवरच्या नदीवरून घागर आणत होती.

"येवढा दोर हुंदे गं, मग तुला उंबराबी वलांडू द्यायची न्हाई," असं म्हणत भिवरा पीळ देत राहिली. तळहातांची सालं निघाली, पण पंधरा दिवसांत दोर तयार झाला.

दैव देतं आणि कर्म नेतं. दोर ठेवायचा कुणाच्या आळीत, यावरून गावात काठ्या निघाल्या. शेवटी राजाने प्रधानाला पाठवलं. प्रधान शहाणा होता, म्हणजे सगळ्यांना खूश करून दिवस मावळायच्या आत घरी परतणारा होता. त्याने कोयता मागवला.

भिवराने त्याचे पाय धरले. "अवं प्रधानजी, कापू नगा! वीस हात दोर पान्याला कसा पुरंल?"

"बाई, कुणावर अन्याय होता कामा नये," प्रधान म्हणाला, आणि दोराचे चार सारखे तुकडे झाले.

चारी आळ्यांनी हलगी वाजवली, गुलाल उधळला. प्रधानाने दरबारात सांगितलं, "महाराज, त्या गावात दोर चौपट झाले." राजाने त्याला शेला दिला आणि हीच रीत राज्यभर लागू केली.

भिवरा दारोदार फिरली. "तीन गाठी मारायच्या हायेत, बाबांनो. फकस्त तीन." प्रत्येक आळीने तिला एकच विचारलं, "आमचा तुकडा वर राहणार ना?" खाली लोंबायला कुणीच तयार होईना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ नवा कोरा होता. ज्याने त्याने आपला तुकडा आपल्या देवळात टांगला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

एके दिवशी भिवरा अशीच गाठींसाठी विनवण्या करत हिंडत असताना राही घागर घेऊन नदीवर गेली. परतीच्या वाटेवर, भर उन्हात, तिला कळा लागल्या. लोक पोचले तेव्हा घागर फुटलेली होती. राही गेली होती आणि बाळही गेलं होतं.

तिरडीला दोर हवा म्हणून चारी आळ्या धावत आल्या, आपापला तुकडा घेऊन. मेल्यांना माणुसकी सुचली ती अशी!

"तिरडीपुरती दोरी हाय माज्या घरात," भिवरा म्हणाली. तिने चारी तुकडे काढून घेतले, तीन गाठी मारल्या आणि विहिरीत घागर सोडली. घागर पाण्याला लागली. वरचा तुकडा कुणाचा, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. तिने ते पाणी लेकीच्या तोंडात घातलं.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, इथे गाव शहाणं झालं असं सांगायला मलाही आवडलं असतं. तेराव्याचं जेवण झालं, चारी आळ्यांनी हात धुतले, गाठी सोडवल्या आणि आपापला तुकडा पुन्हा आपापल्या देवळात टांगला.

म्हणून लक्षात ठेवा: जे अखंड असतानाच पुरतं, ते सारखं वाटून दिलं की कुणाचीच तहान भागत नाही.